दिल्ली ते टोकियो: हिमालयाला वळसा, वाऱ्याशी हिशेब

दिल्लीहून टोकियोला जाणाऱ्या थेट विमानाचं वेळापत्रक पाहिलं, तर प्रवास साधारण पावणेआठ तासांचा दिसतो. परतीचं वेळापत्रक साडेनऊ तास सांगतं आणि हिवाळ्यात तो आकडा दहाच्या घरात जातो. विमान तेच, दोन्ही टोकांची शहरं तीच. मग येताना हे जास्तीचे दोन तास लागतात कुठे?

त्याआधी अंतराचं पाहू. कुठल्याही प्रवासी संकेतस्थळावर दिल्ली–टोकियो अंतर सुमारे ५,८६० किलोमीटर दिलेलं असतं. हा आकडा बरोबर आहे, पण तेवढंच अंतर कापून कोणतंही प्रवासी विमान टोकियोला पोचत नाही. प्रत्यक्षातली वाट त्याहून कितीतरी लांब पडते. वाट लांब का पडते आणि परतीला उशीर का लागतो, हे दोन प्रश्न वरवर वेगळे वाटतात. दोन्हींच्या मुळाशी मात्र हिमालय आणि त्याच्या पाठीमागचं तिबेटचं पठार आहे.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक दिल्लीवर, दुसरं टोकियोवर धरा आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा जिथून जाईल, ती या दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट. भूगोलात तिला बृहद्वृत्ताची वाट म्हणतात. शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशावर दिल्ली आणि टोकियो पट्टीने जोडले, तर ती रेघ आणि हा दोरा एकमेकांवर पडत नाहीत. दोरा बराच उत्तरेकडे फुगलेला दिसतो. दिल्ली साडेअठ्ठावीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, टोकियो साडेपस्तीस अंशांवर. दोरा मात्र वाटेत ३७ अंशांपर्यंत वर चढतो आणि मग टोकियोकडे खाली उतरतो.

या दोऱ्याखाली काय काय येतं ते बघण्यासारखं आहे. दिल्ली सोडल्यावर तो ईशान्येला निघतो आणि कुमाऊँमध्ये जवळजवळ अल्मोड्यावरून जातो. पुढे नेपाळच्या पश्चिम टोकाला अपी हे ७,१३२ मीटर उंचीचं शिखर त्याच्या वाटेत येतं. मग मानसरोवराच्या थोडं दक्षिणेकडून तो तिबेटात शिरतो. चांगथांगचं निर्जन पठार, चिंगहाय प्रांत, पीत नदीच्या काठचं लानचौ शहर, शानतुंगचा किनारा, पीत समुद्र, सोलच्या जरा दक्षिणेकडून कोरिया आणि शेवटी जपानचा समुद्र ओलांडून टोकियो. भूगोलाच्या शिक्षकाने वर्गात हा एक दोरा ताणला, तरी अर्धा आशिया शिकवून होईल.

विमानाला मात्र ही वाट चालत नाही. अडचण शिखरांच्या उंचीची आहे, असं वाटणं साहजिक आहे. पण विमान १०-११ किलोमीटर उंचीवरून जातं आणि एव्हरेस्टसुद्धा ८,८४९ मीटरच आहे. सगळं सुरळीत असेल तर विमान हिमालयावरून आरामात जाईल. प्रश्न येतो तो काही बिघडलं तर काय, हा.

उड्डाणाच्या उंचीवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की ती श्वासात घेऊन माणूस अर्धा ते एक मिनिट भानावर राहू शकतो. म्हणून केबिनमध्ये हवेचा दाब वाढवलेला असतो. हा दाब अचानक गेला तर आसनावरच्या कप्प्यातून पिवळे मास्क खाली येतात. उड्डाणापूर्वी हवाईसुंदरी त्याचं प्रात्यक्षिक दाखवते तेव्हा आपण बहुधा फोनमध्ये डोकं घालून असतो, पण त्या मास्कमागची यंत्रणा समजून घेतली तर आशियाच्या आकाशाचा नकाशा समजतो. बहुतेक विमानांत मास्कला जोडलेली छोटी डबी असते. मास्क ओढला की डबीतल्या सोडियम क्लोरेटची रासायनिक क्रिया सुरू होते आणि प्राणवायू तयार होऊ लागतो. एकदा सुरू झालेली ही क्रिया थांबवता येत नाही आणि साधारण १२ ते २० मिनिटांत ती संपते. तेवढ्या वेळात वैमानिकाने विमान सुमारे ३,००० मीटर उंचीवर, म्हणजे १०,००० फुटांवर आणायचं असतं. तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो.

समुद्रावर किंवा गंगेच्या मैदानावर हे पाच-सात मिनिटांचं काम आहे. तिबेटवर ते करता येत नाही, कारण तिथे जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. वर सांगितलेल्या दोऱ्याखाली असा उंच प्रदेश दोन हजार किलोमीटरांहून जास्त लांब पसरला आहे. त्याच्या मधोमध केबिनचा दाब गेला, तर कुठल्याही दिशेला वळलं तरी खाली उतरण्याजोगी जागा गाठायला बराच वेळ लागेल, आणि मास्क त्याआधी कधीच रिकामे झालेले असतील. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तरी तीच गत. विमान पडत नाही, पण उंची टिकवू शकत नाही. हळूहळू खाली येत राहतं, आणि खाली सहा-सात हजार मीटरच्या रांगा असतील तर खाली येणं परवडत नाही.

तिबेटवरून विमानं जातच नाहीत, असं नाही. चीनने १९६५ मध्ये ल्हासाची नियमित प्रवासी सेवा सुरू केली आणि आज तिथे रोज विमानं उतरतात. पण त्यांच्यात प्राणवायूचा जादा साठा असतो, वैमानिकांना वेगळं प्रशिक्षण दिलेलं असतं, आणि मार्गाच्या प्रत्येक टप्प्यावर संकट आलं तर कुठल्या दरीतून, कोणत्या विमानतळाकडे निसटायचं हे आधीच आखलेलं असतं. दिल्ली–टोकियोसारख्या सेवेसाठी एवढा खटाटोप कंपन्या करत नाहीत. त्यांना पूर्वेकडून वळसा घालणं सोयीचं पडतं.

हा वळसा असा: दिल्लीहून गंगेच्या मैदानावरून आग्नेयेला, बंगाल किंवा बांगलादेशापर्यंत. तिथून उत्तर म्यानमार ओलांडून चीनच्या युन्नान प्रांतात, कुनमिंगच्या बाजूला. मग दक्षिण चीन आडवा कापून शांघायच्या परिसरात समुद्र, आणि क्यूशू बेटाजवळून जपान. रोजच्या वाटेत हवामान आणि गर्दी पाहून थोडेफार बदल होतात. नकाशावर कोलकाता, कुनमिंग आणि शांघाय हे तीन टप्पे धरून आपण स्वतः बेरीज करू शकतो. दिल्ली ते कोलकाता सुमारे १,३००, तिथून कुनमिंग जवळपास १,५००, पुढे शांघाय १,९५० आणि शेवटचा समुद्र १,७५०. झाले साडेसहा हजार किलोमीटर. दोऱ्याच्या ५,८६० पेक्षा साडेसहाशे जास्त. मुंबईहून नागपूर विमानाने जितकं दूर, जवळपास तितका हा वळसा.

या वाटेचा आसाम ते कुनमिंग हा भाग इतिहासात फार महागात पडलेला आहे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि चीनला रसद पोचवणारा रस्ता बंद झाला. तेव्हा अमेरिकी सैन्याने आसामातल्या चबुआ, दिनजान, जोरहाट अशा धावपट्ट्यांवरून कुनमिंगला हवाई पूल बांधला. वैमानिक त्याला 'हंप' म्हणजे कुबड म्हणत. दाब राखणारी केबिन नव्हती, रडार नव्हतं, नकाशांवर मोठमोठे भाग कोरे होते. युद्ध संपेपर्यंत साडेसहा लाख टनांच्या आसपास माल त्या मार्गाने गेला आणि सहाशेच्या जवळपास विमानं गमावली गेली. त्यांतल्या कित्येकांचे अवशेष अरुणाचलच्या जंगलांत अजूनही सापडतात. आज त्या डोंगरांच्या अलीकडून-पलीकडून जाणाऱ्या विमानात प्रवासी झोपलेले असतात. 'हंप'वरच्या त्या वैमानिकांनी ही वाट कशी काढली असेल, याची कल्पना करणंसुद्धा कठीण आहे.

म्यानमार संपून चीन सुरू होताना आणखी एक गोष्ट घडते. ती प्रवाशाला जाणवत नाही, मला मात्र फार आवडते. भारत, म्यानमार आणि जपान आकाशातली उंची फुटांत मोजतात, चीन मीटरमध्ये. पूर्वेकडे जाणारं विमान ३५,००० फुटांवर असेल, तर चीनच्या हद्दीत त्याला १०,७०० मीटरची पातळी दिली जाते. ती होते ३५,१०० फूट. म्हणून सीमेवर विमान शंभर फूट वर चढतं आणि जपानकडे जाताना समुद्रावर पुन्हा फुटांच्या हिशेबात येतं. पश्चिमेकडे येणाऱ्या विमानांच्या पातळ्या यांच्या अधेमधे असतात, त्यामुळे समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांत साधारण एक हजार फुटांचं अंतर कायम राहतं.

वाटेचं झालं, आता वेळ. वाट लांबली ती दोन्ही बाजूंनी सारखीच लांबली, तेव्हा जाण्यायेण्यातला फरक त्यातून निघत नाही. तो वाऱ्यातून येतो. हा वारा पहिल्यांदा पद्धतशीर मोजला गेला तोही टोकियोच्याच शेजारी.

टोकियोच्या ईशान्येला, आजच्या त्सुकुबा शहराच्या हद्दीत, तातेनो इथे १९२० च्या सुमारास जपानने वरच्या हवेचा अभ्यास करणारी वेधशाळा उभारली. तिचे पहिले संचालक ओइशी वासाबुरो. त्यांची पद्धत आज अगदी साधी वाटते. हायड्रोजन भरलेला छोटा फुगा सोडायचा आणि थिओडोलाइट या दुर्बिणीसारख्या उपकरणातून त्याच्याकडे पाहत राहायचं. फुगा वर किती वेगाने चढतो हे ठाऊक असतं. ठराविक वेळाने त्याचा कोन आणि दिशा टिपत गेलं, की कोणत्या उंचीवर वारा त्याला किती वेगाने ढकलतोय हे त्रिकोणमितीने काढता येतं. ढग आले की फुगा दिसेनासा होतो, म्हणून मोठ्या उंचीची निरीक्षणं स्वच्छ दिवशीच मिळत. ओइशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च १९२३ ते फेब्रुवारी १९२५ या काळात अशी १,२८८ निरीक्षणं केली. हिवाळ्यात नऊ-दहा किलोमीटर उंचीवर त्यांना पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा असा वारा सापडला, की त्याचा सरासरी वेग सेकंदाला ७० मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर होता. जमिनीवर एवढा वारा सुटला तर आपण त्याला महाचक्रीवादळ म्हणू. इथे तो रोज, शांतपणे, निरभ्र आकाशात वाहत होता.

ओइशींनी १९२६ मध्ये आपला अहवाल एस्परांतो भाषेत छापला. ही भाषा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सगळ्या देशांना जोडण्याच्या आशेने घडवलेली, आणि ओइशी तिचे निष्ठावंत प्रचारक होते. पुढे ते जपानच्या एस्परांतो संस्थेचे अध्यक्षही झाले. जगभरातल्या शास्त्रज्ञांना आपलं काम वाचता यावं म्हणून त्यांनी ती भाषा निवडली आणि त्यामुळेच ते फारसं कोणी वाचलं नाही, असं नेहमी सांगितलं जातं. मला हे कारण अपुरं वाटतं. १९२६ मध्ये दहा किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्याचं कोणाला काम नव्हतं, कारण तिथवर फारसं कोणी उडतच नव्हतं. ज्या देशाला त्या माहितीचा उपयोग करायचा होता त्याने तो केला, आणि तो भयंकर होता.

२४ नोव्हेंबर १९४४ रोजी सायपान बेटावरून १११ अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानं टोकियोच्या मुसाशिनो भागातल्या विमान-इंजिनांच्या कारखान्यावर हल्ला करायला निघाली. ती मुद्दाम आठ-दहा किलोमीटर उंचीवरून आली आणि थेट या वाऱ्यात सापडली. वारा पाठीशी घेऊन आलेली विमानं जमिनीच्या हिशेबाने ताशी सातशे किलोमीटरांहून जास्त वेगाने लक्ष्यावरून निघून गेली. नेम धरणाऱ्या यंत्रांची गणितं कोलमडली आणि ठरलेल्या कारखान्यावर जेमतेम २४ विमानांना बॉम्ब टाकता आले. पुढच्या मोहिमांतही तेच झालं. मार्च १९४५ मध्ये अमेरिकेने डावपेच बदलले आणि रात्री, कमी उंचीवरून, लाकडी घरांच्या वस्त्यांवर आगलावे बॉम्ब टाकले. एका रात्रीत एक लाखाच्या आसपास माणसं मेली. या बदलामागे इतरही कारणं होती, पण वरच्या थरातला तो वारा त्यांतलं एक ठळक कारण होतं.

त्याच हिवाळ्यात जपानने तो वारा उलट वापरला. हिदेतोशी अराकावा या हवामानशास्त्रज्ञाने पॅसिफिकवरच्या वाऱ्याचे नकाशे तयार केले आणि नोव्हेंबर १९४४ पासून नऊ हजारांहून अधिक फुगे बॉम्ब लटकवून अमेरिकेकडे सोडण्यात आले. दहा मीटर व्यासाचे ते फुगे तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदाचे होते. कोन्याकू नावाच्या कंदाच्या खळीने कागदाचे थर एकमेकांवर चिकटवण्याचं काम शाळकरी मुलींकडून करून घेतलं जाई. रात्री थंडीने फुगा खाली येऊ लागला की यंत्रणा वाळूची एक पिशवी आपोआप सोडून देई, म्हणजे तो पुन्हा वाऱ्याच्या धारेत चढे. साधारण तीन दिवसांत समुद्र पार होई. अमेरिकी भूगर्भतज्ज्ञांनी त्या पिशव्यांतली वाळू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ती जपानच्या कोणत्या किनाऱ्यावरची असावी याचा माग काढला. बहुतेक फुगे वाया गेले. पण ५ मे १९४५ रोजी ऑरेगन राज्यातल्या जंगलात सहलीला गेलेल्या मुलांच्या हाती एक फुगा लागला, आणि एक गर्भवती स्त्री व पाच मुलं मरण पावली.

शांततेच्या काळात या वाऱ्याचा पहिला व्यापारी उपयोगही टोकियोहूनच झाला. नोव्हेंबर १९५२ मध्ये पॅन अमेरिकन कंपनीने टोकियो–होनोलुलू विमान मुद्दाम ७,६०० मीटर उंचीवरून, वाऱ्याच्या धारेतून नेलं आणि अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आणला. ओइशींनी दुर्बिणीला डोळा लावून टिपलेल्या आकड्यांना अखेर असा मान मिळाला. या वाऱ्याला आता जेट स्ट्रीम म्हणतात; तो धडा शाळेत शिकवताना ओइशींचं नाव घेतलं गेलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आता हिमालयाकडे परत. जेट स्ट्रीम पृथ्वीभोवती सगळीकडे वाहते, मग ती जपानवरच इतकी जोरदार का? हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा हा प्रवाह तिबेटच्या पठारावर येऊन आदळतो आणि ओढ्यातल्या खडकाला वळसा घालणाऱ्या पाण्यासारखा दुभंगतो. एक शाखा पठाराच्या उत्तरेकडून जाते. दुसरी हिमालयाच्या दक्षिणेकडून, म्हणजे बरोबर दिल्ली, लखनौ, पाटण्यावरून. उत्तर भारतात थंडीतला पाऊस आणि हिमालयात बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ याच शाखेच्या साथीने येतात. पठार संपल्यावर दोन्ही शाखा पूर्व चीन आणि जपानवर एकत्र येतात. त्यातच तिथे एका बाजूला सायबेरियाची गोठलेली जमीन आणि दुसऱ्या बाजूला कुरोशिवो प्रवाहाचा उबदार समुद्र, आणि तापमानातला हा तीव्र फरक वाऱ्याला आणखी वेग देतो. थोडक्यात, ज्या पठाराने विमानाची सरळ वाट अडवली, तेच पठार विमानाच्या वळशाच्या वाटेवर, दिल्लीपासून टोकियोपर्यंत, वारा नेऊन सोडतं.

उन्हाळा सुरू झाला की चित्र बदलतं. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला हिमालयाच्या दक्षिणेकडची शाखा तिथून उठून पठाराच्या उत्तरेला सरकते. हे सरकणं आणि मोसमी पावसाचं भारतात येणं यांचा जवळचा संबंध आहे. केरळात कधी, कोकणात कधी, याची आपण ज्या काळात वाट पाहत असतो, त्याच काळात बारा किलोमीटर उंचीवर ही हालचाल चालू असते. दक्षिण भारतावर तर त्या दिवसांत उलटाच, पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारा एक जेट प्रवाह तयार होतो. १९५० च्या दशकात भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी त्याचा अभ्यास मांडला. दिल्ली–टोकियो मार्गावर याचा परिणाम असा, की जुलै-ऑगस्टमध्ये जाण्यायेण्याच्या वेळेतला फरक कमी होतो आणि जानेवारीत सर्वांत जास्त असतो. विमान कंपन्या उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकं वेगळी छापतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

थोडं गणित मांडू. विमानाचा हवेतला वेग ताशी ८७० किलोमीटर आणि संपूर्ण वाटेवर वाऱ्याची सरासरी मदत ताशी ११० धरू. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ९८० होतो, आणि साडेसहा हजार किलोमीटरला ६ तास ३८ मिनिटं लागतात. येताना तोच वारा तोंडावर. वेग ७६०, वेळ ८ तास ३३ मिनिटं. दोन्हींत एक-एक तास मिळवा, कारण वेळापत्रकातली वेळ विमानाने आपली जागा सोडल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंत मोजतात. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण सगळं आलं. सुमारे पावणेआठ आणि साडेनऊ तास ही छापील उत्तरं इथे मिळतात.

या आकड्यांत एक बारकावा आहे. वारा जाताना जेवढं देतो तेवढंच येताना घेतो आणि फिट्टंफाट होते, असं सहज वाटतं. तसं होत नाही. वारा नसता तर एका फेरीला ७ तास २८ मिनिटं, दोन्ही मिळून १४ तास ५६ मिनिटं लागली असती. वाऱ्यासह बेरीज होते १५ तास ११ मिनिटं. म्हणजे पाव तास तोटाच. कारण उघड आहे: अनुकूल वाऱ्यात विमान कमी वेळ असतं आणि प्रतिकूल वाऱ्यात जास्त वेळ. वारा जितका जोराचा, तितका हा तोटा मोठा. म्हणून परतीच्या प्रवासाची आखणी करणारे कर्मचारी रोज वाऱ्याचा ताजा अंदाज घेऊन धारेच्या थोडं बाजूने किंवा खालून जाणारी वाट शोधत असतात. प्रसंगी शंभर किलोमीटर जास्त गेलेलंही परवडतं.

एका गैरसमजाचा इथेच निकाल लावू. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पूर्वेला निघालेल्या विमानापुढून टोकियो पळत असणार आणि जाण्याला जास्त वेळ लागायला हवा, असं अनेक हुशार मुलं विचारतात. दिल्लीच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळपास १,४६५ किलोमीटर वेगाने फिरते, तेव्हा शंका रास्त आहे. पण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. त्यामुळे फिरण्याचा वेग दोन्हीकडून वजा होतो आणि उरतो फक्त हवेचा जमिनीच्या तुलनेतला वेग, म्हणजे वारा. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे तो या वाऱ्याची दिशा ठरवण्यात. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली उंचावरची हवा फिरत्या पृथ्वीवर पूर्वेकडे वळते, आणि त्यातूनच हे पश्चिमी वारे जन्मतात.

घड्याळाचा घोळ मात्र पृथ्वीच्या फिरण्याचाच. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर ठरते, जपानची आकाशी शहरातून जाणाऱ्या १३५ अंशांवर. फरक साडेबावन्न अंशांचा, आणि पंधरा अंशांना एक तास या हिशेबाने साडेतीन तासांचा. दिल्लीहून रात्री साडेआठला निघालेलं विमान भारतीय वेळेनुसार पहाटे सव्वाचारला पोचतं, तेव्हा टोकियोत पावणेआठ वाजलेले असतात. जूनमध्ये तर गंमतच होते. त्या महिन्यात टोकियोत सूर्योदय पहाटे ४ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास होतो, म्हणजे आपल्या घड्याळात रात्रीचे एक वाजायलाही पाच मिनिटं कमी. जेवण होऊन जरा डोळा लागतो न लागतो तोच पूर्व चीनवर खिडकीच्या कडेतून उजाडू लागतं. शरीराला हे पटत नाही, आणि पुढचे दोन-तीन दिवस दुपारी झोप आणि रात्री जाग असा उलटा क्रम चालतो. पश्चिमेकडे येताना दिवस साडेतीन तासांनी लांबतो, तो शरीर सहज सोसतं.

१९५५ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलने टोकियोची सेवा सुरू केली तेव्हा हे सगळे प्रश्न वेगळ्या रूपात होते. सुपर कॉन्स्टेलेशन हे पंख्यांच्या इंजिनांचं विमान एका दमात एवढं अंतर कापू शकत नव्हतं. मुंबईहून निघून बँकॉक, हाँगकाँग असे थांबे घेत ते टोकियोला पोचत असे. त्याही आधी, १८९३ मध्ये, जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबई–कोबे जहाजसेवा सुरू केली होती, ती आपला कापूस जपानच्या गिरण्यांना स्वस्तात पोचावा म्हणून. त्या जहाजांना हिमालयाची फिकीर नव्हती. सिंगापूरला वळसा घालून ती कित्येक दिवसांनी पोचत. आज टोकियोच्या निशी-कासाई भागात इतकी मराठी घरं आहेत की तिथे गणपतीत मोदकांची तयारी आठवडाभर आधी सुरू होते, आणि पुण्यातून निघालेला माणूस दिल्लीत विमान बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे हजर असतो.

तिकीट काढणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. परतीच्या विमानानंतर दिल्लीहून पुढचं विमान धरायचं असेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारीत मध्ये किमान तीन-चार तास ठेवावेत, कारण समोरचा वारा अंदाजापेक्षा जोरात निघाला तर अर्धा तास सहज जातो, आणि त्या दिवसांत दिल्लीत धुकं असतं ते वेगळंच. दुसरी गोष्ट आसनाची. टोकियोहून सकाळी निघणारं विमान हिवाळ्यात बिहारवर येतं तेव्हा आपल्याकडे दुपारचे चारच्या आसपास वाजलेले असतात. ऊन नैर्ऋत्येकडून, म्हणजे डाव्या हाताने येत असतं. त्यामुळे उजव्या बाजूच्या खिडकीवर तिरीप पडत नाही आणि हवा स्वच्छ असेल तर आधी कांचनजंगा, मग एव्हरेस्टचा समूह, पुढे अन्नपूर्णा आणि धौलागिरी असे ओळीने दिसतात. पंखाच्या मागची, उजवीकडची खिडकी मागून घ्यावी.